मदत हवी आहे: वस्तऱ्याला धार लावायला 8000 (ग्रिट, आकडा मोठा तितका दगड बारीक) नंतर कोणता दगड?

वस्तरा 5/8 इंच रुंदीचा, फुल होलो (दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं पातळ पातं). हाताशी 1000 चा दगड आणि नॉर्टन कंपनीचा 4000/8000 (एका बाजूला 4000, दुसऱ्या बाजूला 8000) आहे. 1000 वर दोन्ही बाजूंचे उतार धारेशी नीट मिळतात, टाचेपासून टोकापर्यंत. 8000 नंतर हातावरचे केस सहज उडतात, पण दाढीला, विशेषतः मानेवर, पातं ओढतं. चामड्याच्या पट्ट्यावर 60 फेऱ्या मारूनही फरक नाही.

म्हणून शेवटचा दगड घ्यायचाय. नानिवा कंपनीचा 12000 चा कृत्रिम दगड की बेल्जियन कोटिक्यूल? नानिवा मऊ आहे, दाब पडला की पातं रुततं. पण परिणाम ठरलेला मिळतो. कोटिक्यूल नैसर्गिक, त्यामुळे प्रत्येक तुकडा वेगळा, आणि घोळ (दगड घासून निघालेली भुकटी आणि पाणी) आणखी पाणी घालून हळूहळू पातळ करत न्यावा लागतो. माझा कल नानिवाकडे, पण त्वचेला मऊ लागणारी धार कोटिक्यूलचीच म्हणतात.

पात्याला किंचित बाक आहे. अशा पात्याला 3 इंच रुंद दगडापेक्षा अरुंद दगड बरा का?

पात्याच्या पाठीवर (धारेसमोरच्या जाड कडेवर) टेप पहिल्या दगडापासून लावलेली आहे. ती मध्येच काढली तर कोन कमी होऊन धार दगडाला टेकतच नाही, म्हणून काढलेली नाही. दगड सपाट करायला 325 ची डायमंड प्लेट 12000 लाही चालेल, की खरखरीत पडेल?