पाच कडव्यांतलं एक तरी कडवं ऑर्गनशिवाय गावं का?

कोरमास्तर
पॅरिश चर्चमध्ये मंडळीचं गीत सुरू झालं की पहिल्या ओळीपासून शेवटच्या आमेनपर्यंत ऑर्गन अखंड चालू राहतो. त्यावर क्वायरकडून (गायकवृंदाकडून) प्रत्येक कडवं चार आवाजांत, म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा उंच ते खालच्या चार वेगळ्या सुरावटी एकत्र. बाकावरच्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, शेजारच्याचाही नाही. आणि जो आवाज कानावर येत नाही, तो काढायचं माणूस हळूहळू सोडून देतो. मंडळी गात नाही अशी तक्रार करण्याआधी आपण तिला गायला जागा ठेवली आहे का, हे बघायला हवं.

माझं म्हणणं दोन भागांत आहे. चार-पाच कडव्यांच्या गीतात शेवटून दुसरं कडवं ऑर्गन पूर्ण थांबवून गावं. आणि क्वायरने चार आवाज त्या एकाच कडव्यात काढावेत, बाकी सगळी कडवी मंडळीबरोबर मूळ चालीवर. याला कारण आहे. मंडळीतले पुरुष चाल एक सप्तक खाली गातात, म्हणजे टेनर आणि बास ज्या पट्ट्यात असतात तिथेच. शेजारून जोरकस बास ऐकू आला की त्यांची चाल सुटते आणि ते गप्प होतात.

ऑर्गन एकदम तोडू नका. आधीच्या कडव्यातच तो उतरवत आणा: प्रथम मिक्स्चर (तीक्ष्ण उंच स्वरांचा नळ्यांचा संच) बंद, मग २ फुटी, शेवटी ८ आणि ४ फुटी प्रिन्सिपल (ऑर्गनचा मूळ, स्वच्छ आवाज) एवढेच. फुटांचा आकडा उंची सांगतो: ८ फुटी लिहिल्या सुरात, ४ आणि २ फुटी एकेक सप्तक वर, १६ फुटी एक सप्तक खाली. शेवटची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) पूर्ण मात्रा धरा, कडव्यांमधलं अंतर नेहमीइतकंच ठेवा आणि क्वायरने ठरल्या मात्रेवर उचला. छापील पत्रिकेत त्या कडव्यापुढे ‘ऑर्गनशिवाय’ असं लिहिलेलं हवं. ते नसेल तर ऑर्गन बिघडला असं समजून लोक वर बघत बसतात.

पेडलबोर्ड
पूर्ण असहमत. तुम्ही रोग एक सांगताय आणि औषध दुसऱ्याचं देताय.

मंडळीला ऑर्गन कशासाठी लागतो? सुरापेक्षा लयीसाठी. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तीस मीटर लांब चर्चमध्ये पुढचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायला साधारण ९० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १०० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास सातवा हिस्सा उशीर. मागचे लोक ऐकून मग गातात, पुढचे त्यांचं ऐकून थांबतात, आणि दोन ओळींत गीत चिखलात रुतल्यासारखं चालायला लागतं. ऑर्गनवादक मंडळीची वाट न बघता लय चालू ठेवतो, म्हणून सगळे एका ठिकाणी येतात. तो काढून घेतलात तर शेकडो लोकांना लय देणारं कोणी उरत नाही.

आवाज दबतो हे मान्य. पण तो ऑर्गनमुळे दबत नाही, स्टॉप (नळ्यांचे संच) चुकीचे निवडल्यामुळे दबतो. मॅन्युअलवर (हातांच्या पट्ट्यांवर) १६ फुटी ओढून ठेवला की सगळं गढूळ होतं, कारण हातांचे स्वर एक सप्तक खाली सरकून पुरुषांच्या आवाजावर बसतात. ८ फुटी बासऱ्या तीन-तीन एकत्र केल्या की जाडी वाढते, स्पष्टता नाही. प्रिन्सिपल ८, ४, २ आणि पेडलला (पायांच्या पट्ट्यांना) १६ बरोबर ८ फुटीही. एवढ्यावर चाल स्वच्छ ऐकू येते आणि आवाज सहज सामावतो. पेडलला नुसता १६ फुटी असला की लोकांना घरघर जाणवते, स्वर कळत नाही.

दुसरी चूक बोटांची. चालीत एकच स्वर दोनदा आला तर पहिला निम्म्या मात्रेत सोडायला हवा, म्हणजे दुसरा नव्याने वाजलेला कळतो. आल्टो-टेनरमध्ये तोच प्रकार असेल तर ते स्वर जोडून धरा. सगळे आवाज तोडले तर गीत ठोकल्यासारखं वाटतं, सगळे जोडले तर मात्राच दिसत नाही. आणि ओळीच्या शेवटी हात उचला. ८-६-८-६ अक्षरांच्या गीतात दुसऱ्या आणि चौथ्या ओळीनंतर मंडळी श्वास घेते. त्या श्वासाला ऑर्गनने श्वास घेतला नाही तर पुढच्या ओळीचा पहिला शब्द निम्म्या लोकांचा हुकतो.

हे सगळं नीट करा. मग ऑर्गन थांबवायची गरज पडते का बघा.

दुसरा_आल्टो
लयीचं सोडा, सुराचं काय? चार आवाजांत साथीशिवाय गायलं की सूर उतरतो, आणि बहुतेक वेळा उतरतोच. ठिकाणं ठरलेली आहेत. एकाच स्वरावर चार-पाच अक्षरं आली की प्रत्येक अक्षराला स्वर किंचित खाली बसतो. चाल उतरताना पायऱ्या मोठ्या पडतात, चढताना लहान. ओळीच्या शेवटी श्वास संपलेला असतो. सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घेतला तर पुन्हा उचलताना आणखी खाली. शेवटच्या कडव्यात ऑर्गन परत आला की तो फरक अख्ख्या चर्चला ऐकू जातो. वीस सेंटचा फरकही (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट) कानाला बोचतो.

सराव करायचाच तर असा करा: ते कडवं नुसत्या ‘नू’वर म्हणा, शेवटचा स्वर धरून ठेवा आणि मगच ऑर्गनचा तोच स्वर ऐका. किती उतरलो ते कळतं. मग ओळीओळीने तपासा. उतार बहुधा एकाच ओळीत सापडतो, आणि तो आपल्याला वाटतं तिथे नसतो.

नळीनिगा
वरच्या प्रतिसादात ‘उतरतो’ हा सगळा गायकांचा दोष धरला आहे. तसं नाही. ऑर्गन सम-विभागी सुरावटीत (सप्तकाचे बारा समान भाग) लावलेला असेल तर त्याचा गांधार सा पासून ४०० सेंटवर असतो, शुद्ध गांधार ३८६ वर. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्याला ते १४ सेंट लगेच टोचतात. चांगला क्वायर साथ सुटताच आपोआप शुद्ध गांधाराकडे जातो, कॉर्ड निवळते, आणि तो क्षण ऑर्गनवर मिळत नाही. कोरमास्तरांच्या बाजूने हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि तो त्यांनी मांडलाच नाही.

पण त्याचीच दुसरी बाजू पाहा. सा वरच्या कॉर्डवरून ध, रे, प असं फिरून परत सा वर यायचं, प्रत्येक कॉर्ड शुद्ध ठेवायची आणि दोन कॉर्डांतला सामायिक स्वर जराही हलू द्यायचा नाही, असं केलं तर एका फेरीत सूर सुमारे २२ सेंट खाली येतो. गणितानेच येतो. इटालियन गणितज्ञ बेनेडेट्टीने सोळाव्या शतकातच असा सूर सरकतो हे दाखवून दिलं होतं. म्हणजे बेसुरा क्वायर उतरतो तसा काटेकोर सुरेल क्वायरही उतरू शकतो. उपाय एकच: चालीचे मुख्य स्वर आठवणीने जागेवर ठेवायचे आणि तडजोड आतल्या आवाजांनी करायची. त्यामुळे कडवं निवडताना कॉर्डांची चालही बघा.

आता नळ्यांबद्दल. तापमान १ अंश सेल्सिअस वाढलं की बासरीजातीच्या (शिटीसारख्या वाजणाऱ्या) नळ्यांचा सूर साधारण ३ सेंट चढतो. २० अंशांना ४४० हर्ट्झ असलेला स्वर ३० अंशांना ४४७ च्या वर जातो. रीडच्या (थरथरणाऱ्या धातूच्या पट्टीने वाजणाऱ्या) नळ्या मात्र जवळपास जागेवरच राहतात, म्हणून उन्हाळ्यात ट्रम्पेट हा रीडचा स्टॉप उतरल्यासारखा वाटतो. उतरलेला तो नसतो, बाकीचे चढलेले असतात. अशा वेळी बासरीजातीच्या शेकडो नळ्यांचा सूर बदलत बसू नका, मोजकेच रीड तारेने जुळवून घ्या. आणि वाजवणं संपलं की स्वेल पेटीच्या (काही नळ्या जिच्यात बंद असतात त्या पेटीच्या) झडपा उघड्या ठेवा. बंद पेटीतली हवा वेगळ्या तापमानावर राहते आणि दोन मॅन्युअल एकमेकांशी भांडतात. मंडळी भरल्यावर तासाभरात चर्च दोन-तीन अंशांनी तापलं तर क्वायरने आधी सरावात धरलेला सूर आणि शेवटच्या गीतातला ऑर्गनचा सूर यांत सहा ते नऊ सेंट अंतर पडलेलं असतं. कोणाचीही चूक नसताना.

उपासनाक्रम
कॅथलिक उपासनेपुरतं बोलायचं तर दस्तऐवज दोन्ही बाजूंना थोडं थोडं देतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत पाइप ऑर्गनला मानाचं स्थान आहे, त्याच दस्तऐवजात गायकवृंद जोपासायला सांगितलं आहे आणि मंडळीचा सहभागही जपायला. १९६७ च्या पवित्र संगीताच्या सूचनेत मात्र स्पष्ट आहे: वाद्यांनी आवाजाला आधार द्यावा, शब्द कळेनासे होतील इतकं झाकू नये. लेंट म्हणजे उपवासकाळात ऑर्गन फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवता येतो, स्वतंत्र वादन नाही. चौथा रविवार आणि मोठे सण अपवाद. मग ऑर्गनशिवाय कडव्याची सुरुवात त्या सहा आठवड्यांत का करू नये? मंडळीचा कान आधीच शांततेला सरावलेला असतो.

जुन्या परंपराही पाहा. पूर्व युरोपातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुधा वाद्याशिवायच गायलं जातं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या जिनीव्हात स्तोत्रं वाद्याशिवाय, सगळ्यांनी मिळून नुसत्या मूळ चालीवर गायली जात. मंडळीला ऑर्गनशिवाय गाता येत नाही, हे इतिहासाने खोडलेलं आहे.

पेडलबोर्ड
जिनीव्हाचं उदाहरण अर्धवट आहे. तिथे १५३७ च्या प्रस्तावातच मुलांना आधी शिकवून त्यांनी मोठ्याने गावं आणि लोकांनी मागून यावं असं म्हटलं होतं. म्हणजे वाद्य नव्हतं, पण पुढे नेणारा आवाज होता. ऑर्गन काढायचा तर त्याच्या जागी काय, हे सांगा. बारा जणांचा क्वायर मागच्या गॅलरीत उभा करून भागणार नाही.

मधला मार्ग सुचवतो: त्या कडव्यात पेडल बंद, एकच ८ फुटी बासरी, चार आवाज जसेच्या तसे. सूरही टिकेल, मंडळीला स्वतःचा आवाजही येईल.

कोरमास्तर
ही तडजोड मला सगळ्यात वाईट वाटते. एक मऊ बासरी इतपतच ऐकू येते की लोक तिच्याकडे कान लावतात, आणि इतकी क्षीण असते की ती लय देत नाही. शिवाय नळीनिगांनी सांगितलेला शुद्ध गांधार तिथे मिळणारच नाही, बासरी सतत ४०० सेंटचा धरून बसेल. वाजवा तर नेतृत्व करा, नाहीतर हात मांडीवर ठेवा.

पुढे नेणारा आवाज हवा हे मात्र पटलं. क्वायर गॅलरीत असेल तर त्या कडव्यापुरते चार-सहा जण खाली बाकांच्या मध्ये उभे राहावेत, चालीवरच, आणि चार आवाज वर राहू द्यावेत. ९० मिलिसेकंदांचा प्रश्नही त्याने बराच कमी होतो.

दुसरा_आल्टो
आणि परत येताना? सूर तीस सेंट उतरलेला असेल तर?

कोरमास्तर
थेट शेवटच्या कडव्याची कॉर्ड वाजवू नये. चार मापांचा (ठरावीक मात्रांच्या चार गटांचा) छोटा तुकडा वाजवावा, पंचमाच्या कॉर्डवर थांबणारा, पूर्ण आवाजात, ठरल्या लयीत. कान तेवढ्यात आधीचा सूर विसरतो. त्या तुकड्यातूनच अर्धा स्वर वर नेलं तर फरक अजिबात कळत नाही.

पेडलबोर्ड
वर न्यायच्या आधी चालीतला सगळ्यात उंच स्वर बघा. मधल्या सी वरचं सप्तक संपून पुढचा डी, फार तर ई फ्लॅट, इथपर्यंत मंडळी येते. चालीत आधीच ई फ्लॅट असेल तर अर्धा स्वर चढवल्यावर मागचे पाच बाक गप्प होतील. अशा गीताला तुकडा वाजवा, पट्टी तीच ठेवा.