स्लो कुकरमध्ये हलाल बीफ स्ट्यू: मांस चिवट आणि रस्सा पाणीदार होतोय, सल्ला हवा

वाशिष्ठीकाठ

सलाम, नमस्कार. मी मूळची चिपळूणची, तीन वर्षं झाली बर्मिंगहॅमला नर्स आहे. एका पदार्थापाशी अडलेय, जाणकारांनी मदत करावी.

गेल्या थंडीत वॉर्डातल्या एका बाईंनी घरून बीफ स्ट्यू आणला होता. सगळ्यांनी ब्रेडबरोबर खाल्ला. मला खाता आला नाही. मांस हलाल नव्हतं आणि रश्श्यात रेड वाइन होती. पण तो वास काही मनातून गेला नाही. तेव्हाच ठरवलं, हाच पदार्थ हलाल मांसाचा, वाइनशिवाय, घरी करायचा. त्यासाठी साडेतीन लिटरचा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घेतला.

दोनदा केला, दोन्ही वेळा बिघडला. ७०० ग्रॅम बीफचे तयार तुकडे, अजिबात चरबी नसलेले बघून घेतले. बटाटे, गाजर, कांदा, लिटरभर पाणी, सगळं एकदम घातलं आणि हायवर चार तास ठेवलं. मांस दोऱ्यासारखं सुटलं पण चावताना कोरडं. बटाटे मात्र मध्ये कच्चे! आणि रस्सा म्हणजे नुसतं पाणी.

चिपळूणला आमच्याकडे बड्याचं म्हणजे म्हशीचं. पूर्वी कधीमधी बैलाचं यायचं, तेही २०१५ च्या कायद्यानंतर बंद झालं. मटण अब्बाच आणायचे, त्यामुळे कुठला तुकडा कशाला हे मी शिकलेच नाही. तर सांगा: कुठलं मांस घेऊ, पाणी किती, वाइनच्या जागी काय? मला निहारी नकोय, ती अम्मीच्या पद्धतीने जमते. मला स्ट्यूच हवाय.

मंदआंच

ताई, मी मँचेस्टरला हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. चूक तुमच्या हाताची नाही, तुकड्याची आहे. चरबी नसलेलं मांस चांगलं असं आपल्याला वाटतं, आणि नेमकं तेच स्ट्यूला चालत नाही.

जनावराचा जो भाग आयुष्यभर चालतो, त्यात स्नायूंच्या मध्येमध्ये पांढरे पडदे आणि शिरा असतात. ते कोलॅजन. साधारण ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. तेच मांसाला ओलावा देतं आणि रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा देतं. ज्या तुकड्यात कोलॅजन नाही, त्याचे धागे आवळत जातात आणि आतलं पाणी बाहेर पडतं. मग तो रश्श्यात बुडालेला असला तरी खाताना कोरडाच लागतो. तुमचं तेच झालं.

खाटकाकडे जाऊन शिन मागा. म्हणजे पायाच्या पोटरीचं मांस. मधोमध पांढरी शीर दिसली की डोळे मिटून घ्या. शिन नसेल तर चक, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग. तुकडे ४ सेंटिमीटरचे ठेवा, लहान केले तर विरून जातात.

आता पाणी. स्लो कुकरमधून वाफ जवळजवळ बाहेर पडतच नाही. गॅसवरच्या पातेल्यात आटतं तसं इथे काही आटत नाही, उलट मांस आणि कांदा आपलं पाणी सोडतात. १ किलो मांसाला ४०० मिलिलिटर स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) भरपूर झाला. वरचे तुकडे थोडे उघडे दिसले तर दिसू द्या.

बटाटे कच्चे राहिले कारण ते वर होते. आच भांड्याच्या तळाला आणि बाजूंना असते, आणि कंदमुळं इथे मांसापेक्षा उशिरा शिजतात. म्हणून बटाटे, गाजर खाली आणि मांस वर.

आणि लोवर ठेवा. बहुतेक स्लो कुकरमध्ये लो आणि हाय शेवटी उकळीच्या जवळच्या एकाच तापमानाला येतात, लोवर तिथे पोचायला वेळ लागतो इतकंच. तो वेळच शिनला हवा असतो. आठ तास धरा. मधे झाकण उघडू नका, एकदा उघडलंत की वीस-तीस मिनिटं वाढली.

वाशिष्ठीकाठ

मी दर तासाला उघडून ढवळत होते! मांस आधी परतून घ्यायलाच हवं का? काही जण नाही म्हणतात.

मंदआंच

घ्याच. परतल्याने रस आत कोंडला जातो असं म्हणतात ते खरं नाही, पण चवीसाठी ते लागतंच. तो खमंग तपकिरी रंग यायला १४० अंशांच्या आसपास उष्णता हवी, स्लो कुकर १०० च्या वर जात नाही. मांस कागदाने कोरडं करा, थोडी कणीक आणि मीठ चोळा, जाड तव्यावर दोन-तीन खेपांत परता. एकदम सगळं टाकलं की पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी उकडतं. शेवटी तव्यात थोडा स्टॉक ओतून तळाला लागलेलं लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. निम्मी चव तिथेच आहे, ती सिंकमध्ये जाऊ देऊ नका.

सांदण

वालेकुम सलाम बेटा. मी लेस्टरला तीस वर्षं आहे, माहेर दाभोळचं, म्हणजे आपण जवळच्याच. हलालचं मी सांगते.

दुकानात नुसती पाटी बघू नकोस, प्रमाणपत्र कोणाचं ते बघ. इथे एचएमसी आणि एचएफए या प्रमाणपत्र देणाऱ्या दोन संस्थांची नावं जास्त दिसतील. जनावराला कापण्याआधी बेशुद्ध केलेलं एचएमसीला चालत नाही, एचएफएला काही अटींवर चालतं. तुमच्या घरात काय मानतात ते तू जाणतेस, मी कोणाला चूक म्हणणार नाही. पण विचारून घे, चांगला खाटीक विचारल्यावर रागावत नाही.

दुसरं, स्टॉकची वडी. लोक मांस हलाल आणतात आणि वर साधी बीफची वडी टाकतात. त्या वडीत बीफची चरबी, बीफचा अर्क असतो, आणि तो हलाल आहे असं कुठे लिहिलेलं नसतं. हलाल छाप असलेली घे, नाहीतर सरळ भाजीची वडी. मी स्वतः नळ्या आणते. शिन घेतेस त्याच खाटकाकडे मिळतात. ओव्हनमध्ये चांगल्या लाल भाजून, कांदा, मिरी आणि तमालपत्र घालून स्लो कुकरमध्येच रात्रभर ठेवते. सकाळी गाळून, थंड करून डब्यांत भरून फ्रीझरला. तो स्टॉक घातलास की वाइनची आठवणही येणार नाही.

वाइनच्या जागी एकच गोष्ट घालून भागत नाही. वाइन आंबट, थोडी गोड आणि थोडी तुरट असते. मी २ चमचे टोमॅटो पेस्ट कांद्याबरोबर काळपट होईपर्यंत परतते, मग १ मोठा चमचा डाळिंबाचा मोलॅसिस, म्हणजे डाळिंबाचा रस आटवून केलेला पाक. तुर्की किंवा अरबी दुकानात बाटली मिळते. आणि आपली आमसुलं, तीन. गावाहून येताना मी डबाभर आणतेच. रंगही सुंदर येतो.

शिजवल्यावर दारू उडून जाते असं कोणी सांगेल, ऐकू नकोस.

मंदआंच

सांदणताईंच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. अमेरिकी कृषी खात्याचे तक्ते आहेत, त्यांत अडीच तास शिजवल्यावरही सुमारे ५ टक्के मद्यार्क उरतो. आणि स्लो कुकरचं झाकण तर बंदच असतं.

फक्त आमसुलं सुरुवातीला घालू नका. आंबटामुळे बटाटा आणि गाजर मऊ व्हायला फार वेळ लागतो. चिंच घातल्यावर भाजी शिजत नाही हे आपल्या आया सांगायच्या, तेच इथे. आमसुलं आणि मोलॅसिस दोन्ही शेवटच्या अर्ध्या तासात.

बऱ्याच पाककृतींत वुस्टर सॉस असतो. बाटलीवरचं बारीक वाचा, प्रसिद्ध सॉसमध्ये अँचोवी मासळी आणि चिंच असते. वुस्टर तर बर्मिंगहॅमच्या शेजारीच! तो नको वाटला तर अर्धा चमचा चिंचेचा कोळ आणि चिमूटभर गूळ घाला, चव त्याच्या जवळ जाते.

उत्तनकर

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचा कॅथलिक, टोरंटोला असतो. आमच्या घरचा स्ट्यू म्हणजे बाटली मसाल्याशिवाय नाहीच. एप्रिल-मेमध्ये उत्तनला बायका मसाला कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, एक बाटली मला येते. १ किलोला पाऊण चमचा, टोमॅटो पेस्टबरोबर परतायचा. तिखट होत नाही, पण चवीला भरपणा येतो. जाडसर रस्सा हवा तर मूठभर जव घाला, आणि रात्री भिजवलेला राजमा टाकला की पोटभरीचं होतं.

मंदआंच

उत्तनकर, जव उत्तम. राजमा मात्र भिजवून थेट टाकू नका, हे मी कळकळीने सांगतोय. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो जायला खळखळ उकळी लागते. लोवर तो तसाच राहू शकतो आणि उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळा, मग टाका. डब्यातला आधीच शिजलेला असतो, तो चालतो.

उत्तनकर

हे माहीत नव्हतं. घरी नेहमी प्रेशर कुकरला लावतो म्हणून कधी अडचण आली नसावी. धन्यवाद दादा.

शिकागोहून

थोडं बाजूचं, पण या धाग्यावर सांगावंसं वाटलं. स्लो कुकरची मूळ कल्पना इथलीच. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू संशोधकाला १९४० मध्ये पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातल्या चोलंटची गोष्ट सांगायची. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी मांस आणि घेवड्याचं भांडं गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचं, निवत्या भट्टीत ते रात्रभर शिजायचं. पुढे १९७१ मध्ये तेच यंत्र क्रॉक-पॉट नावाने बाजारात आलं. म्हणजे धर्माचा नियम पाळून गरम जेवता यावं, यातूनच हे भांडं जन्मलं. वाशिष्ठीकाठताई, तुमचा हलाल स्ट्यू अगदी योग्य भांड्यात शिजतोय.

पुण्याहून_वाचतेय

माझ्याकडे स्लो कुकर नाही, प्रेशर कुकरमध्ये जमेल का? मांस म्हशीचं.

मंदआंच

जमेल. मांस परतून, बुडेल इतकाच स्टॉक घालून, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ४० मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या. जून जनावर असेल तर अजून पंधरा. बटाटे, गाजर नंतर घालून झाकण न लावता शिजवा.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू! अजून एक अडचण. फेब्रुवारीत रमजान सुरू होईल. इथे तेव्हा सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि मी साडेसातला घर सोडते. सेहरीनंतर सगळं भरून ठेवलं आणि टायमरने दहाला सुरू केलं तर? की रात्रीच गोठलेलं मांस टाकून ठेवू?

मंदआंच

दोन्ही नको. गोठलेलं मांस स्लो कुकरमध्ये फार वेळ कोमट राहतं, तेवढ्यात जंतू वाढतात. कच्चं मांसही तास न् तास बंद भांड्यात बाहेर ठेवू नका. आदल्या रात्री मांस पूर्ण सुटलेलं असू द्या, भाज्या चिरून वेगळ्या डब्यात, दोन्ही फ्रिजला. परतायचं ते सकाळीच, अर्धवट परतून रात्रभर ठेवू नका. सातला लोवर सुरू करा. दहा तासांनी आपोआप वॉर्मवर जाणारा कुकर असेल तर उत्तम. शिनला दहा तासही सोसतात. उरलेलं तासा-दोन तासांत उथळ डब्यात काढून फ्रिजला, आणि पुन्हा गरम करताना गॅसवर उकळी आणा, स्लो कुकरमध्ये नाही.

सांदण

आणि बेटा, रोजा सोडताना आधी खजूर, पाणी, थोडा रस्सा. मांस नमाजनंतर. दिवसभराच्या रिकाम्या पोटाला एकदम जड पडतं. ब्रेड नको असेल तर तांदळाची भाकरी लाव, या रश्श्याबरोबर ती ब्रेडपेक्षा चांगली लागते, हे मी पैजेवर सांगते.

वाशिष्ठीकाठ

केला! रविवारी, पूर्ण दिवस घरी असताना. जे केलं ते लिहून ठेवते, कोणाला उपयोगी पडेल.

शिन १ किलो, दोन कांदे, तीन गाजरं, एक सलगम, ५०० ग्रॅम शार्लट बटाटे (मंदआंचदादांना फोटो पाठवून विचारलं, हे फुटत नाहीत), लसूण पाच पाकळ्या, टोमॅटो पेस्ट २ चमचे, भाजीच्या वडीचा स्टॉक ४०० मिलिलिटर, तमालपत्र, थोडं थाइम, भरपूर मिरी. सकाळी नऊला लोवर. साडेचारला आमसुलं तीन, डाळिंबाचा मोलॅसिस १ चमचा आणि मटार. पाचला बंद.

साडेचारपर्यंत झाकणाला हात लावला नाही. अकरा वाजता वास सुटला तेव्हा फार जड गेलं. मांस चमच्याने तुटत होतं, पांढरी शीर तर पार लुसलुशीत. रस्सा भाकरीवरून ओघळत नव्हता इतका दाट. नवऱ्याने तीनदा घेतला. तोच वास आला घरात, वॉर्डातला, फक्त या वेळी ताट माझ्यासमोर होतं.

एक चूक झाली. वडीत मीठ असतं हे विसरून मांसाला नेहमीसारखं मीठ चोळलं, त्यामुळे किंचित खारट झालं. पुढच्या वेळी स्टॉक घरचाच. खाटकाने चार नळ्या आणि दोन पाये बरोबर दिलेत, फ्रीझरला आहेत. सांदणआपा, पाये यातच लावू का? किती तास?

सांदण

लाव की. आधी वेगळ्या पातेल्यात दहा मिनिटं उकळ, ते पाणी फेक, पाये धुऊन घे. मग आलं-लसूण, आख्खा गरम मसाला आणि पाये बुडतील इतकं पाणी, लोवर रात्रभर, दहा-बारा तास. मीठ सकाळी घाल.