ओपन इलेक्टिव्ह म्हणून झूलॉजी काऊन नाही चालत?

संत्राबर्फी:
नमस्कार, मी नागपूरलाच बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय केमिस्ट्री. कॉलेजनं एक फॉर्म दिलाय त्यात मेजर मायनर ओई व्हीएससी एसईसी एईसी आयकेएस असे इतके डबे आहेत की मला तर नवीन बाराखडीच वाटून रायली. मायनरमध्ये, म्हणजे जोडविषयात, बॉटनी टाकलं, झूलॉजीपण आवडतं म्हणून ते ओईमध्ये (ओपन इलेक्टिव्ह) टाकलं तर खिडकीवरच्या काकांनी "हे नाही चालत" म्हणून फॉर्म परत दिला, काऊन नाही चालत ते काही सांगितलं नाही. बाबांच्या वेळी सीबीझेड (केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी) घेतलं की संपलं होतं. मैत्रिणी म्हणतात जे सोपं ते घे. पण मी कॉमर्सचं काही घेतलं आणि पुढे एमएस्सीला अडलं तर? शनिवार शेवटची तारीख आहे, सांगा न कोणी.

बर्डीचा_भाऊ:
काका बरोबरच आहेत, सकाळपासून शंभर पोट्ट्यायनं तेच विचारलं असन म्हणून कंटाळले असतीन. ओई मेजरच्या फॅकल्टीबाहेरचंच, म्हणजे दुसऱ्या शाखेचंच घ्या लागते, नव्या शिक्षण धोरणाच्या २०२३ च्या सरकारी जीआरमध्येच तसं आहे. झूलॉजी सायन्समध्येच येते, म्हणून कटलं. ओपन म्हणजे शेजाऱ्याकडं जेवाले जायचं, आपल्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत नाही 😄 मायनरले ही अट नाही, बॉटनी राहू दे. अन एक सांगू का, तू टेन्शन चुकीच्या डब्याचं घेऊन रायली. मायनर पुढं चालत राहते, एकूण १८ ते २० क्रेडिट, ओई १० ते १२ अन पयल्या दोन वर्षांतच आटपते. डोकं लावाचं तर मायनरवर लाव.

शिकवणारी:
मी कॉमर्सला शिकवते, ओईच्या वर्गात सायन्सची मुलं दरवर्षी येतात. बेटा, एमएस्सी केमिस्ट्रीला तुझं मेजर बघतील, ओईमुळे दार बंद होत नाही. मात्र मार्क एसजीपीएत, म्हणजे सेमिस्टरच्या सरासरी ग्रेड पॉइंटमध्ये, धरले जातात. समज सेमिस्टरला २२ क्रेडिट आणि त्यात ओई २ चं, तर तिथे ९ ऐवजी ८ ग्रेड पॉइंट आला तरी एसजीपीए ०.०९ नेच खाली येतो, हीच चूक ४ क्रेडिटच्या मेजर पेपरला झाली तर दुप्पट.
आणि "सोपं" कोणासाठी ते बघ. नीटची तयारी करून आलेली मुलं एमसीक्यूत पटाईत असतात पण दीर्घोत्तरी लिहायला बसवलं की अर्ध्या पानात गाडी थांबते, मग सोप्या म्हणून घेतलेल्या विषयातच मार्क जातात. अजून एक, यादीत नाव आहे म्हणजे वर्ग भरेलच असं नसतं, मुलं कमी आली की विषय गुंडाळतात. कोण शिकवतंय आणि तास किती वाजता ते आधी विचार, २ क्रेडिट थिअरी म्हणजे ३० तास, ते तुझ्या प्रॅक्टिकलच्या वेळेवर आले तर काय करशील?

तर्री_जास्त:
ओईच्या विषयांच्या यादीला बास्केट बास्केट करतात, आमच्या कॉलेजच्या बास्केटमध्ये एकच फळ होतं बाप्पा, तेपण ऑफिसनं आधीच उचलून आमच्या हातात दिलेलं. स्वयमवरचा (सरकारी ऑनलाइन कोर्सची साइट) कोर्स चालतो का ते विचारून बघ, यूजीसीच्या २०२१ च्या नियमात सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिकडून घेता येतात, पण कॉलेजनं आधी हो म्हटलं पाहिजे, कोर्स करून मग सर्टिफिकेट नाचवत गेलं तर कोणी विचारत नाही. माझं तेच झालं.

संत्राबर्फी:
मॅडम, दादा, खूप थँक्यू. आज जाऊन विचारलं. शेअर मार्केटवालं ओई दुपारी, नेमकं केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलवर. अकाउंट्सच्या बेसिकचं सकाळी पावणेआठला आहे, शिकवणाऱ्या मॅडमपण परमनंट आहेत आणि त्यात गणितंच जास्त, लिहायचं कमी, तेच टाकलं. मी हिंगण्याहून येते, म्हणजे पावणेसातला घर सोडा लागणार, आई आत्ताच ओरडून रायली. काकांनी फॉर्म घेतला एकदाचा. आता तो व्हीएससीचा डबा काय असतो?

बर्डीचा_भाऊ:
त्याच्यासाठी वेगळा धागा काढ बाई.