अनुभव धागा: तिन्हीसांजेला उधळणारं पिल्लू तुम्ही कसं निजवता?

ताराबाई पार्क, कोल्हापूर, लॅब्राडोर, तीन महिने (धागा काढणारी)

पिल्लू घरी आलं की सगळे त्याच्या खाण्याची आणि शी-शूची चौकशी करतात, झोपेचं कुणी विचारत नाही. या वयात त्याला दिवसाचे १८ ते २० तास झोप लागते. आपल्या घरांत ती मिळते का? सकाळी दूधवाला, मग भांडीवाल्या मावशी, दुपारी शाळेतून आलेली पोरं, चारच्या सुमारास शेजारपाजारचे 'बघू बघू' करत हजर. दर वेळी पिल्लू डुलकी मोडून उठतं. संध्याकाळपर्यंत ते पार शिणलेलं असतं, आणि शिणलेलं पिल्लू पेंगत नाही, उधळतं. रात्री जेवायच्या वेळेपर्यंत न झोपलेलं तान्हं मूल जसं किरकिर करतं, तसंच हे.

आमच्या लॅब्राडोरचं सध्या हेच चाललंय. कुकर लावायला आणि हिने घरभर गोल गोल पळायला एकच गाठ पडते. डोळे लालसर, सलवारीची कड दातात. हाक मारली तर ऐकूच येत नाही, खाऊ पुढे केला तर बोटांसकट घेते. घरातले म्हणतात, "हिचं खेळून होत नाही, बाहेर पळवून आणा." मला ते पटत नाही. दुपारी सलग झोप झाली की हिची संध्याकाळ निभावते. पाहुणे येऊन गेले की रात्री धिंगाणा ठरलेला.

तुमचे अनुभव लिहा. वय, जात, फ्लॅट आहे की परडं असलेलं घर, तेही लिहा. मारून, ओरडून किंवा न्हाणीघरात कोंडून गप्प केल्याचे प्रयोग इथे नकोत. ते ऐकूनच मला त्रास होतो.

राजारामपुरी, बीगल, चार महिने

तुमच्या म्हणण्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे दोन मुलं, दोघांचे क्लास सहाच्या आसपास सुटतात आणि दप्तर टाकल्या टाकल्या दोघांनाही पिल्लू हवं असतं. म्हणून आम्ही संध्याकाळची तयारी दुपारीच करतो. तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप, असा फेरा दिवसभर. घड्याळ लावून नाही. जांभई दिली, उगाच कान खाजवला, काही कारण नसताना पायपुसणं ओढायला लागलं, की समजायचं वेळ झाली. तेव्हा उचललं तर सहज निजतं. ती खूण हुकली की पुढचा अर्धा तास जड जातो.

जागा म्हणजे जिन्याखालच्या खोलीत तारेचा पिंजरा. तीन बाजूंनी जुनी चादर, चौथी बाजू वाऱ्यासाठी मोकळी. गळपट्टा काढूनच आत, कारण त्याची कडी तारेत अडकून फास बसू शकतो. आधी शूला नेऊन आणायचं, मग आत त्याच्या खाऊचे चार दाणे टाकायचे, मग दार. जराशी कुणकुण होते आणि थांबते. पण पिल्लू घाबरून ओरडत असेल, लाळ गाळत असेल, तारा चावत असेल तर लगेच दार उघडा. पुढे बरेच दिवस दार उघडं ठेवूनच आत खाऊ घाला, त्याचं त्याला आत जाऊ द्या. तिथे शिक्षा म्हणून तर कधीच टाकू नका.

मुलांना नियम एकच घातलाय. दाराच्या कडीला ओढणी बांधलेली असली की त्या खोलीत कुणी जायचं नाही, आजोबांनीसुद्धा नाही. धाकटीने तो इतका मनावर घेतलाय की आलेल्या पाहुण्यांनाही ती दारातच थांबवते.

शिवाजी पेठ, गावठी, तीन महिने असंल

आमच्यात गल्लीतच जन्मलेलं पिल्लू हाय. जुनं घर, पुढं सोपा, मागं परडं. पेठेत शांतता हुडकून घावत न्हाई. फुटबॉलचा हंगाम असला आणि आपल्या तालमीचा संघ जिंकला की हॉर्न, गुलाल, फटाके सगळं दारातनंच जातंय. त्या दिवशी पिल्लू कोपऱ्यात दडत न्हाई, उलटं सगळ्यांच्या घोट्याला दात लावत फिरतंय. घाबरलंय म्हणून चावतंय, मस्ती न्हवं ती. ह्ये आधी ध्यानात घ्या.

मॅच सुटायच्या आधीच आम्ही त्याला मधल्या खोलीत नेतोय, तिला रस्त्याकडं खिडकी न्हाई. टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून पूर्ण जोरात लावायचा. त्याच्या घरघरीत भायेरचा आवाज बराच मुरतोय. खाली आजीची वाकळ. ह्या वाकळंला लई महत्त्व हाय. गुळगुळीत फरशीवर पिल्लू पळालं की मागचे पाय फाकत्यात, वाढत्या सांध्याला ते चांगलं न्हाई, आणि घसरलं की आणखी बिथरतंय. वाकळंवर पाय रोवला जातोय. तिच्या घड्यांत भाकरीचे बारीक तुकडे दडवून ठेवायचे. नाकानं हुडकत हुडकत डोकं आपोआप खाली येतंय. हुंगून पिल्लू जेवढं निवतंय तेवढं पळवून निवत न्हाई, पैजेवर सांगतो.

फुलेवाडी, पॉमेरियन, अडीच महिने

मी एकटी राहते, त्यामुळे माझं घर तसं शांतच. तरी दिवेलागणीला हा बिथरायचाच. मी काय करते ते सविस्तर लिहिते.

सात वाजता मोठा दिवा घालवून कोपऱ्यातला लावते. टीव्ही बंद. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसते आणि मेथी निवडायला घेते. त्याच्याकडे बघत नाही, बोलत नाही. तो मांडीवर चढतो, पदर ओढतो. मी पदर हिसकून घेत नाही, कारण ओढाओढी हा त्याला खेळच वाटतो. फ्रीजरमध्ये ठेवलेलं जाडसर गाजर पुढे करते, एक टोक माझ्या हातात धरून. गार लागतं, हिरड्यांना बरं वाटतं. तुकडे करून टाकू नका, घशात अडकतात. कधी स्टीलच्या ताटलीला चमचाभर साधं दही फासून ठेवते. चघळणं आणि चाटणं, या दोन गोष्टींनी पिल्लाचा जीव खाली बसतो.

"रात्री दूध पाज, गाढ झोपेल" असं मला बऱ्याच जणींनी सांगितलं. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध माणसांना मानवतं. आईपासून तुटलेल्या पिल्लाला ते पचेलच असं नाही, आणि एकदा जुलाब लागले की कसली झोप!

आता एक गोष्ट बारकाईने बघा. पुढची कोपरं टेकलेली, मागचे दोन्ही पाय अंगाखाली सारखे दुमडलेले, मान ताठ. असं असेल तर पिल्लू नुसतं बसलंय, वाटी पडली तरी उठेल. मग कधीतरी मागचं अंग एका कुशीला कलंडतं, दोन्ही पाय एकीकडे येतात, हनुवटी फरशीला लागते आणि नाकातून एक लांब उसासा निघतो. तेव्हा ते खरं सैलावलेलं असतं. त्या वेळी मी न बोलता त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये एक दाणा ठेवते. 'शाब्बास' म्हणत नाही, नाहीतर लगेच शेपूट हलवत उठेल. आपण गप पडलो की काहीतरी चांगलं मिळतं, हे त्याला हळूहळू उमगतं. माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

शाहूपुरी, मिश्र जात, पाच महिने

थोडक्यात लिहितो, पण महत्त्वाचं आहे. रविवारी घरोघरी मटण असतं. पिल्लू जेवताना पायात घोटाळतं म्हणून त्याला गप्प बसवायला कुणीतरी हाड टाकतंच. शिजलेलं हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे होतात, ते घशात किंवा आतड्यात रुततात. तांबडा-पांढरा रस्साही नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असतात. आमच्याकडे माणसांची पानं घ्यायच्या आधीच त्याचं जेवण उरकतो आणि आम्ही जेवतो तेव्हा ते आतल्या खोलीत चघळणी घेऊन बसतं. दिसेल असं ठेवतो, नजरेआड चघळायला काही देत नाही.

कसबा बावडा, कारवानी, सात महिने

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. वर सगळी लहान पिल्लं आहेत. कारवानी हा पळणारा कुत्रा, सशामागे धावायला तयार झालेला. सात महिन्यांच्या कारवानीला "झोप कमी पडतेय" म्हणून नुसतं निजवत बसलात तर ते घर खाली आणेल. त्याला पळायला मिळालंच पाहिजे. फक्त ते सकाळी. ऊन चढायच्या आत शेताच्या बांधाने मोकळं सोडतो. संध्याकाळी चेंडू नाही, पळापळी नाही. साखळी सैल सोडून नदीच्या बाजूला सावकाश फेरी, जिथे हुंगायचं तिथे हुंगू देतो. एका खांबापाशी चार मिनिटं थांबला तरी ओढत नाही. त्या फेरीचा वेग त्याने ठरवायचा.

दातांचंही सांगतो. २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात. मधल्या काळात संध्याकाळचं चावणं वाढतं. ते पिल्लू वाया गेलं असं समजू नका. जुनं फडकं भिजवून, पीळ देऊन गोठवा आणि समोर बसून चघळायला द्या.

नागाळा पार्क, जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस

मी डॉक्टर नाही, पण रोज पिल्लं बघते. संध्याकाळी अस्वस्थ म्हणून आणलेलं प्रत्येक पिल्लू शिणलेलंच असतं असं नाही. पोट फुगलंय का, शीमध्ये जंत दिसतात का, कानातून वास येतो का, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का, आधी बघा. पावसाळ्यात इथे गोचीड फार. नेहमी झोपणारं पिल्लू अचानक झोपेनासं झालं, खाणं सोडलं, उलट्या-जुलाब लागले, तर धाग्यावर विचारत बसू नका, दवाखाना गाठा. शांत व्हावं म्हणून माणसांच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका.

आणि चावण्याबद्दल. दात लागून रक्त आलं, मग पिल्लू घरचं का असेना, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात, ती वेळेवर घ्या. मुलांना सांगा, अंगावर आलं की हात छातीशी बांधून गप उभं राहायचं. किंचाळून पळालं की ते मागे लागणारच.

रंकाळा परिसर, गोल्डन रिट्रीव्हर, अडीच महिने

संध्याकाळी दमवायला म्हणून चौपाटीवर नेणाऱ्यांना माझी विनंती. लसी पूर्ण व्हायच्या आत पिल्लाला तिथे खाली सोडू नका. पार्वो म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आसपास होतो, तोवर कडेवर घेऊन बसा. आम्ही भेळेच्या गाड्यांपासून लांब, कमी गर्दीच्या बाजूला बसतो. पाणी, माणसं, गाड्या बघून पिल्लू त्यातच थकतं. आणि हेही सांगते, थोडा वेळच. तासभर बसलात तर घरी येऊन तोच दंगा.

शिरोली, डॉबरमन, साडेतीन महिने

वाचून बरं वाटलं. एक अडचण आहे. मालक एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतात, रात्री उशिरा येतात. तोवर मी कशीबशी निजवलेली असते. गाडीचा आवाज आला की ही ताडकन उठते, हेही तिला उचलून घेतात, आणि मग एक वाजेपर्यंत सगळं घर जागं. त्यांना नको कसं म्हणू? दिवसभरात त्यांना तेवढाच वेळ मिळतो तिच्यासोबत.

ताराबाई पार्क (धागा काढणारी)

ताई, त्यांना नको म्हणू नका, काम वेगळं द्या. एवढ्या लहान पिल्लाला रात्री उशिरा एकदा शूला न्यावंच लागतं, ते भाऊजींकडे सोपवा. गाडी शक्यतो जरा अलीकडे बंद करायची. घरात मोठा दिवा लावायचा नाही. आल्या आल्या न बोलता साखळी लावून तिला दारापुढे न्यायचं, शू झाली की हळू आवाजात कौतुक, परत येऊन तिच्या अंथरुणाशेजारी खाली बसायचं आणि मानेपासून पाठीवर सावकाश, लांब हात फिरवायचा. थोपटायचं नाही, थोपटल्याने ती उठते. खेळ सकाळी. दुसऱ्या पाळीवाल्यांची सकाळ मोकळी असते, तेव्हा तासभर ती त्यांचीच.

शिरोली

हे जमेल. सकाळी ते घरीच असतात, तिची पहिली फेरीही त्यांच्याकडेच देते. राजारामपुरीच्या ताई, पिंजऱ्याची लांबी-रुंदी केवढी घेतलीत? आमची झपाट्याने वाढणार आहे.

राजारामपुरी

मोठाच घ्या आणि मध्ये फळी लावून जागा लहान करा. तिला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे, तेवढीच आत्ता मोकळी ठेवा. फार ऐसपैस असला तर एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्यात झोपतात. वाढेल तशी फळी मागे सरकवा.