मदत हवी आहे: बंदरावरच्या आरोग्य केंद्रात नॅलॉक्सोन ठेवायचं आहे, पैसे कुठल्या खात्यातून मागावेत?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावची ग्रामपंचायत सदस्य. घरी दिरांच्या दोन बोटी आहेत, त्यामुळे खलाशांची ये-जा रोजचीच. विषय गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा आहे; गर्दने बंद पडत आलेला श्वास नॅलॉक्सोनच्या इंजेक्शनने परत येऊ शकतो. उत्तर देताना कृपया कोणी ‘गर्दुल्ला’ हा शब्द वापरू नका. ज्याच्याबद्दल लिहितेय तो मुलगा माझ्या हातचं जेवलेला आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून तो गावी गेला होता. घरच्यांनी धरून बसवलं, दोन महिने त्याने काही घेतलं नाही. ऑगस्टमध्ये परत आला तो अंगाने भरून. चौथ्या रात्री जाळ्यांच्या खोलीत पन्नीवर ओढली, पूर्वी ओढायचा तेवढीच. दोन महिन्यांत शरीराची सवय मोडते, जुनं प्रमाण झेपत नाही, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. बरोबरच्या दोघांना वाटलं गाढ झोपलाय, कारण घोरत होता. ते घोरणं मी ऐकलंय. घशात पाणी अडकल्यासारखी घरघर, आणि एका श्वासानंतर दुसरा येतो की नाही असं वाटावं इतका वेळ. ओठ निळे पडलेले. पापणी उचलली तर डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी. पोलिसांच्या भीतीने दोघं पळाले. पळता पळता एकाने आमचं दार वाजवलं, म्हणून तरी कळलं.

१०८ला फोन केला. गाडी येईपर्यंत आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, त्याला बुडालेल्या माणसाला देतात तसा, तोंडाने श्वास देत राहिले. रुग्णालयात पोचलो तर तिथे नॅलॉक्सोनचं इंजेक्शनच नव्हतं. डॉक्टरांनी हाताने दाबायच्या फुग्याने श्वास देत पुढे पाठवलं. मुलगा वाचला. पण तांडेल त्या रात्री घरी नसते तर?

तेव्हापासून मी खाती शोधतेय. एड्स नियंत्रणवाल्यांकडे सुया-सिरिंज आणि बुप्रेनॉर्फिनची (गर्दऐवजी द्यायच्या उपचाराच्या औषधाची) सोय आहे, पण ती एचआयव्ही टाळण्यासाठी, म्हणजे मुख्यतः टोचून घेणाऱ्यांसाठी. आमची मुलं पन्नीवर ओढतात. सामाजिक न्यायच्या पैशातून व्यसनमुक्ती केंद्रं चालतात, पण तिथे माणूस जिवंत पोचायला हवा. २०२३च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली तेव्हा सगळा किनारा पिंजून काढला होता. चरसने श्वास बंद पडत नाही, गर्दने पडतो. तरी गर्दसाठी एवढी धावपळ मी पाहिलेली नाही.

१ ऑगस्टला बोटी पुन्हा निघतील. त्याआधी इंजेक्शन केंद्रात यायला हवं. अर्ज कोणाकडे करू? एका केंद्रावर म्हणाले, ‘आमच्याकडे नॅलॉक्सोनच्या गोळ्या आहेत.’ त्या चालतील का?

निवृत्त_फार्मासिस्ट: ताई, गोळीचं आधी सांगतो. ती बुप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची जोडगोळी, व्यसनाच्या उपचाराची. श्वास बंद पडत आलेल्याला तिचा उपयोग नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालायचं नाही. तुम्हाला हवंय ते इंजेक्शन, ०.४ मिलिग्रॅमची ॲम्प्यूल. देशाच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, अर्जात हे पहिल्या ओळीत लिहा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा की जिल्ह्याकडे जाणाऱ्या औषधांच्या मागणीपत्रात घाला, आणि ते येईपर्यंत रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक खरेदी करा. चार ॲम्प्यूलसाठी मंत्रालयापर्यंत जायची गरज पडू नये.

एक गोष्ट मात्र तांडेलांना नक्की सांगा. नॅलॉक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, गर्दचा त्याहून जास्त राहू शकतो. शुद्धीवर आलेला माणूस ‘बरा झालो’ म्हणून उठून जातो आणि पुन्हा श्वास मंदावतो. दवाखान्यात ठेवून लक्ष ठेवायलाच हवं. एमडी (मेफेड्रोन) किंवा दारूवर हे चालत नाही, पण चुकून दिलं तर सहसा अपायही होत नाही.

तालुका_वकील: पळालेल्या दोघांबद्दल लिहितो. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. फोन करणाऱ्या मित्राला मात्र हे कलम वाचवत नाही. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात १३४-अ आहे, तसं इथे नाही. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या एनकॉर्ड (अमली पदार्थविरोधी समन्वय) समितीला पत्र द्या: १०८ला फोन करणाऱ्याच्या मागे लागू नये, अशी पोलिस ठाण्यांना सूचना द्यावी. कायदा बदलायला वेळ लागतो, सूचना एका बैठकीत निघू शकते.

मोठ्या मागणीसाठी: केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेत सरकारी रुग्णालयात ॲडिक्शन ट्रीटमेंट फॅसिलिटी, म्हणजे व्यसनावरच्या उपचारांची सोय, उघडता येते, समन्वय दिल्लीच्या एम्सकडे असतो. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांसमोर हाच मुद्दा ठेवा. एम्सनेच २०१९च्या सर्वेक्षणात देशात ७७ लाख लोकांना अफू-गर्दच्या व्यसनासाठी मदतीची गरज असल्याचं म्हटलं आहे, तो आकडा जोडा.

मूळ धागाकर्ती: दादा, वकीलसाहेब, दोघांचेही मनापासून आभार. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत थांबणं जमणार नाही, म्हणून येत्या मासिक सभेत ठराव मांडते. मसुदा असा केलाय:

‘मासेमारी हंगाम सुरू होण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात नॅलॉक्सोन इंजेक्शनच्या किमान चार ॲम्प्यूल व श्वास देण्याचा फुगा उपलब्ध असावा. तांडेल, खलाशी व आशाताईंना बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणे, श्वास देणे व १०८ला कळवणे यांचे प्रशिक्षण आरोग्य विभागाने जेटीवर द्यावे.’

प्रशिक्षण हिंदी-नेपाळीतही हवं का? आमचे निम्मे खलाशी नेपाळचे आहेत, मला तर ते घालावंसं वाटतं. सभा सोमवारी आहे. त्याआधी कोणी शब्द तपासून दिले तर बरं होईल.