मिस्टर इंडिया : कुठे पाहिलात, कुणाबरोबर पाहिलात?

मे महिन्यात भाचरं राहायला आली होती. वयं सहा, नऊ आणि अकरा. इमारती कोसळवणारे, अंतराळातून येणारे सुपरहिरो त्यांना तोंडपाठ. एका दुपारी मी मिस्टर इंडिया लावला. तीन तासांचा सिनेमा, मध्येच उठून जातील असं धरून मी चहा टाकायला गेले, तर बाहेरून एकच हशा. मारुतीची मूर्ती हवेत तरंगत येऊन त्या धिप्पाड बॉब क्रिस्टोला बडवत होती. धाकटा हसून हसून सोफ्यावरून खाली आला होता. एवढा प्रसंग चार वेळा मागे नेऊन लावावा लागला.

25 मे 1987 ला हा सिनेमा लागला. शेखर कपूरचं दिग्दर्शन, सलीम-जावेदची पटकथा. मला तो आवडतो याचं कारण सांगते. नायक अरुणच्या (अनिल कपूर) मनगटावर अदृश्य करणारं ते यंत्र येईपर्यंत आपल्याला त्याचं घर पक्कं माहीत झालेलं असतं. भाडं थकलंय, वाण्याची उधारी आहे, सांभाळायला घेतलेली पोरं ढीगभर आणि स्वयंपाकघरात कॅलेंडर नावाचा आचारी. त्यामुळे पुढच्या सगळ्या मारामाऱ्यांत जीव अडकतो. आता तुमचे अनुभव येऊ द्या. कुठे, कधी, कोण शेजारी बसलं होतं, सगळं लिहा.

मिरज :
आमच्या गल्लीतल्या मंडळाने गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणला होता. वर्गणी उरली की रात्रभराचं भाडं द्यायचं आणि एका रात्रीत तीन सिनेमे उरकायचे, ही पद्धत. मिस्टर इंडिया शेवटचा लागला, पहाटे अडीचला. निम्मी पोरं तरटावर आडवी झालेली. हवाहवाई गाणं सुरू झालं आणि मोठ्यांनी आम्हाला हलवून उठवलं.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी. लाल उजेडात अदृश्य माणूस दिसतो, हे आम्ही पक्कं लक्षात ठेवलं होतं. मखराच्या सजावटीतून उरलेला लाल जिलेटीन पेपर होता. त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापून आठ-दहा जण ते डोळ्यांना लावून गल्लीभर हिंडलो. विहिरीमागे, पडक्या वाड्यात, पिठाच्या गिरणीत. त्या कागदातून गिरणीतलं उडणारं पीठ लालभडक दिसायचं आणि त्यात कुणीतरी उभं आहे असं प्रत्येकाला वाटायचं. गिरणीवाल्या काकांनीही एक तुकडा मागून घेतला, डोळ्याला लावला आणि म्हणाले, "आहे रे, कोपऱ्यात आहे." आम्ही धूम पळालो.

लालबाग :
वडील गिरणी कामगार. 1982 च्या संपात नोकरी गेली ती परत मिळाली नाही. सिनेमा आला तेव्हा मी दहा वर्षांची. आई घरी पापड लाटून द्यायची, वडील मिळेल ते काम करायचे. वाण्याकडे वही होती आणि ती घेऊन मलाच पाठवायचे, कारण लहान मुलीला तो फार बोलत नसे.

मावशीने आम्हा सगळ्यांची तिकिटं काढली. अरुणच्या दारात पैसे मागायला माणूस येतो, तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला होता. मग तो अदृश्य होऊन एकेकाला वठणीवर आणायला लागला, तसा वडिलांचा आवाज चढत गेला. "अस्सं! हाण आणखी!" घरात गप्प गप्प राहणारा माणूस थेटरात ओरडत होता आणि पुढच्या रांगेतले अनोळखी लोक वळून त्यांना दाद देत होते. लोक याला पोरासोरांचा सिनेमा म्हणतात. माझ्या वडिलांना पाच वर्षांत तेवढं मोकळं हसताना मी दुसऱ्या कुठेच पाहिलं नव्हतं.

नागपूर :
सगळं कबूल, पण अरुणच्या घरातली ती चिमुकली टीना? बॉम्बस्फोटात एवढीशी पोर मरते. मी सात वर्षांचा होतो, रडून रडून ताप आला. विनोदी सिनेमात असं करू नये, हे माझं मत आजही तेच आहे. माझ्या मुलांना दाखवताना तेवढा भाग मी पुढे ढकलतो.

लालबाग :
नागपूरकर, तुमचं दुःख समजतं. पण तो भाग काढला तर शेवटची लढाई कशासाठी? शेवटी तर अरुण खलनायक मोगॅम्बोसमोर दिसत असतानाच लढतो. तेवढा राग त्याच्यात कुठून येतो, हे मुलांना कळू दे.

मालवण :
नववीत असताना स्नेहसंमेलनात आम्ही अदृश्य माणसाचं नाटुकलं बसवलं. माझे आजोबा मासेमारी करायचे, त्यामुळे घरात तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, भरपूर. खुर्चीच्या पायाला तंगूस बांधून विंगेतून ओढायचा, पेला वाशावरून टाकलेल्या तंगूसाने वर उचलायचा. मागे काळा पडदा असला तर दहा फुटांवरूनही तंगूस दिसत नाही. पांढरा असला तर लगेच चमकतो. हे आम्ही तालमीत चुकत चुकत शिकलो. पेल्यात थोडं पाणी ठेवलं की तो गिरक्या घेत नाही, हे आजोबांनी सांगितलं.

पुढे कळलं की सिनेमातल्या करामती पीटर परेरा या कॅमेरामनच्या. तेव्हा संगणक हाताशी नव्हता, सगळं कॅमेऱ्यापुढेच घडवायचं आणि तेही प्रत्येक वेळी बरोबर जमायला हवं. आता मी सिनेमा पाहतो तो त्यासाठी. हवेत तरंगणारी वस्तू किंचित थरथरते, तिथे मी थांबवतो आणि ती दोरी कुठून सोडली असेल याचा अंदाज बांधतो. त्या थरथरीमागे कुणाचा तरी हात आहे, हे मला फार आवडतं.

डोंबिवली :
गायतोंडे! फोनवर फोन घेऊन वैतागणारा संपादक! अन्नू कपूर तेव्हा फार तर तिशीचा असेल, आणि केवढा पिकलेला म्हातारा उभा केलाय. आमच्या ऑफिसात राँग नंबर आला की आजही त्याची आठवण निघते.

पुणे :
मला जन्मापासून दिसत नाही. अंधशाळेच्या वसतिगृहात असताना आम्हाला एका ताईंनी मिस्टर इंडिया ऐकवला. त्या शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते सांगत होत्या. आम्ही वीस-बावीस मुलं.

अरुण अदृश्य होतो तिथे ताई गप्प झाल्या. म्हणाल्या, "आता सांगायला काही नाही रे, पडद्यावर तो नाहीच." आम्हाला फार मजा वाटली. तिथून पुढे पडद्यावरची सगळी डोळस माणसं आमच्यासारखीच झाली! पाऊल वाजलं की वळायचं, आवाजावरून अंदाज घ्यायचा, दार उघडलं तर कोण आलं ते विचारायचं. आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. मोगॅम्बोची माणसं तेजा आणि डागा घाबरून भलतीकडेच तोंड करून बोलतात असं ताई सांगायच्या आणि आमच्यातला एक जण दर वेळी ओरडायचा, "अरे, तो तुझ्या डावीकडे आहे!"

मोगॅम्बो झालेल्या अमरीश पुरींचा आवाजही मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. "मोगॅम्बो खुश हुआ" या तीन शब्दांच्या वाक्यात शेवटचा शब्द ते कसा खाली उतरवतात, ते आम्ही रात्री दिवे गेल्यावर एकेकाने करून पाहायचो. मला ते चांगलं जमायचं, म्हणून कधीकधी जास्तीची पोळी मिळायची.

ठाणे (धागा काढणारी) :
पुणेकर, तुमचं लिहिणं मी भाचरांना मोठ्याने वाचून दाखवलं. तिघांनी डोळ्यांना रुमाल बांधले आहेत आणि सिनेमा पुन्हा लावायला सांगितलाय. मिरजकर, लाल जिलेटीन पेपर आमच्या इथल्या स्टेशनरीच्या दुकानात अजून मिळतो. तीन ताव आणलेत, उद्यासाठी.