बिल्ट-इन ओव्हन: गॅसचा की विजेचा? शनिवारी सुताराला सांगायचंय, मदत करा

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या मनीषनगरातला आमचा फ्लॅट वीस वर्षांचा झाला. ओट्याखालचे कडप्पे काढून ट्रॉल्या बसवायचं काम चालू आहे. त्यातच इतकी वर्षं मनात असलेला बिल्ट-इन ओव्हन (कपाटातल्या खाचेत कायमचा बसवतात तो) उरकून घ्यावा म्हटलं. सुतार रोज विचारून राहिला आहे, "ताई, कोनता ओव्हन ते शनिवारपर्यंत सांगा, मंग खाच बदलवता येणार नाही." दोन्हींचं माप ६० सेंमीच असतं एवढंच मला समजलंय. बाकी सगळा गोंधळ.

सध्या माझ्याकडे तो जुना गोल अल्युमिनियमचा ओव्हन आहे, झाकणाला काचेची खिडकी असलेला. माझा मुलगा नोकरीला लागला, आणि ओव्हन त्याच्याही आधीचा. थर्मोस्टॅट नाही, प्लग काढायचा आणि घालायचा. नानकटाई केली की मधली तांबूस, कडेची पांढरीफटक. मधल्या पाहुण्यांना, कडेच्या आम्हाला.

करते काय, तर आठवड्यातून एखादा केक, रविवारी पाव, दिवाळीत नानकटाई, आणि महिन्याला ओळखीतल्या चार-पाच केकच्या ऑर्डरी. हिवाळ्यात ओव्हनमध्ये रोडगे (गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात ते कणकेचे थराचे गोळे) करून पाहायची फार इच्छा आहे. गोवऱ्या आता चौथ्या मजल्यावर कुठे पेटवणार?

मन गॅसकडे झुकलंय. एकतर उन्हाळ्यात कुलर-एसीमुळे आमचं बिल ३०० युनिटांच्या पुढे जातंच, त्यात आणखी भर नको. दुसरं, वादळात फांदी पडली की तास-दोन तास लाइट जाते आणि नेमका तेव्हाच केक अर्ध्यावर असतो. शिवाय मामेबहीण लंडनला आहे, तिच्याकडे गॅसचाच ओव्हन आणि ती त्याचे गोडवे गाते. अहोंचं मत विचारू नका, त्यांना पाव बाहेरून आणलेलाच आवडतो.

जाणकारांनी सांगा ना.

— तिसरी_शिट्टी

---

वऱ्हाडी_ठेचा: ताई, काहून गॅसच्या मागे लागून राहिल्या तुम्ही? आधी सीताबर्डीला एक चक्कर मारून या. मी मागच्या वर्षी तीन दुकानं फिरलो. विजेचे पाहिजे तेवढे मॉडेल, आणि गॅसचा बिल्ट-इन म्हटलं की दुकानदार डोकं खाजवे. गॅसवाला पाहिजे तर कुकिंग रेंज दाखवतात, म्हणजे वर शेगडी आणि खाली ओव्हन, ती खालपर्यंत आख्खी उभी असते, तुमच्या खाचेत बसत नाही. उद्या बिघडला तर पार्ट कुठून आणाल, याचा पहिले विचार करा.

मैदा_आणि_मी: मी गॅसचा (रेंजमधला) सात वर्षं वापरला, आता विजेचा वापरते, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

गॅस जळला की नुसती उष्णता होत नाही, पाणीही होतं. एक किलो एलपीजी जळली की दीड किलोहून जास्त वाफ तयार होते. ती ओव्हनमध्ये फिरते आणि मग बाहेर पडते. म्हणून गॅसमधला केक ओलसर राहतो, छान लागतो, हे खरं. पण नानकटाई आणि खारीला कोरडी आच लागते. माझी नानकटाई वरून फिकट आणि खालून काळी व्हायची, कारण बर्नर तळाशी. रंग आणायला शेवटी ग्रिल लावायचं म्हटलं, तर माझ्या रेंजमध्ये ओव्हन आणि ग्रिल एकदम चालत नव्हतं. आणि आच १३०-१४० अंशांच्या खाली उतरतच नव्हती. मेरँग (अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून मंद आचेवर वाळवतात ते) मी सोडूनच दिलं होतं.

विजेच्यात वरचं कॉइल वेगळं, खालचं वेगळं आणि मागे पंखा. पंखा लावला की दोन ट्रे एकदम भाजले जातात, फक्त कृतीत लिहिलेल्या तापमानापेक्षा २० अंश कमी ठेवायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवाळीच्या शंकरपाळ्यांचे कोळसे झाले.

पाव मात्र थोडी वाफ मागतो. खालच्या रॅकवर वाटीभर उकळतं पाणी ठेवायचं, काम होतं.

फेज_न्यूट्रल: सगळे चवीवर बोलून राहिले, मी वायरीवर बोलतो. बिल्ट-इन ओव्हन साधारण अडीच ते साडेतीन किलोवॅटचे असतात. ३ किलोवॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे १३ अँपिअर, तेही तासभर सलग. गीझर दहा मिनिटांत बंद होतो, ओव्हन नाही. त्यामुळे मिक्सरच्या पॉइंटवरून किंवा गीझरच्या लाइनमधून ओढून घेऊ नका. मेन बोर्डातून स्वतंत्र लाइन आणा: ४ चौरस मिमीची तांब्याची तार, २० अँपिअरचा वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि धड अर्थिंग. वीस वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये ही लाइन नसणारच. ट्रॉल्या बसायच्या आधी करून घ्या, नंतर टाइल्स फोडाव्या लागतील. आणि वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, म्हणजे घरात एकदम किती किलोवॅट वापरायला मंजुरी आहे, तो पाहा. एसी आणि गीझर धरून कमी पडत असेल तर आधी वाढवून घ्या.

इन्व्हर्टरवर ओव्हन चालणार नाही, हेही सांगून ठेवतो. दरवेळी कोणी ना कोणी विचारतंच.

तिसरी_शिट्टी: बापरे. आणि बिलाचं काय हो?

फेज_न्यूट्रल: तासभर १८० अंशांवर भाजलं तर तापवण्यासकट सव्वा ते दीड युनिट. कॉइल सतत पेटलेलं नसतं, थर्मोस्टॅट चालू-बंद करत राहतो. महिन्याला दहा वेळा भाजलं तरी १५ युनिटांच्या आत. तेवढ्याच कामाला गॅसचा ओव्हन दरवेळी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम गॅस खाईल, कारण त्यातली बरीच आच धुराबरोबर बाहेर जाते. हिशेब करून पाहा, फरक महिन्याला समोसा-चहाचा निघेल. तुमचं बिल कुलर आणि एसी वाढवतात, ओव्हनवर आळ घेऊ नका.

खस_आणि_ताटी: लंडनच्या बहिणीचं राहू द्या. तिच्याकडे नळाने येणारा नैसर्गिक वायू, आपल्याकडे सिलिंडर. दोन्हींचा दाब वेगळा आणि बर्नरचं जेटही (गॅस सोडणारं बारीक भोक) वेगळं. तिकडचा ओव्हन जसाच्या तसा इथे लावला तर ज्योत पिवळी आणि काजळी सगळीकडे.

दुसरं, एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर वर जात नाही, जमिनीलगत साचते, म्हणजे नेमकी ट्रॉल्यांच्या तळाशी. गॅसचा घेतलाच तर ज्योत विझली की गॅस बंद करणारी सोय त्यात आहे का ते बघूनच घ्या. मे महिन्यात कुलरचा झोत थेट ओट्यावर येतो तेव्हा शेगडीची ज्योत कशी फडफडते ते आपण पाहतोच. रबरी नळी ओव्हनच्या मागून न्यायची नाही. त्यासाठी पक्की तांब्याची लाइन आणि वेगळा व्हॉल्व्ह लागेल.

लाइट गेल्यावर गॅसचा चालेल असंही गृहीत धरू नका. बऱ्याच बिल्ट-इन मॉडेलांत गार करणारा पंखा विजेवरच असतो आणि तो बंद असताना ओव्हन पेटत नाही.

आणि ताई, ऑर्डरी घेता म्हणालात म्हणून. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरगुती वापरासाठीच असतो, धंद्यासाठी १९ किलोचा. चार केकसाठी कोणी दारात येणार नाही, पण वाढल्या ऑर्डरी तर?

तिसरी_शिट्टी: हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. मे महिन्यात ४५ अंशांत कोण ओव्हन लावतं, असंही अहो म्हणतात.

मैदा_आणि_मी: मी लावते. पहाटे साडेपाचला, कुलर चालू व्हायच्या आत. विजेचा तरी बंद केल्यावर दार लावून ठेवला की गर्मी आतच राहते. गॅसच्याची वाफ आणि धूर दोन्ही स्वयंपाकघरात.

बाकी ते ६० सेंमीचं जरा थांबवा! ६० ही दर्शनी काच असते, नीट सांगायचं तर ५९.५. खाच ५६ रुंद, साधारण ५९ ते ६० उंच आणि ५५ खोल लागते. सुताराने ६० रुंद कापली तर दोन्ही बाजूंना फट दिसेल. मागची फळी पूर्ण बंद करू नका, हवा खेळायला जागा हवी. मॉडेल ठरलं की त्याच्या पुस्तिकेतलं चित्रच सुताराच्या हातात द्या. जमलं तर ओट्याखाली नको, उंच कपाटात छातीच्या उंचीवर घ्या. तापलेला ट्रे वाकून काढणं पन्नाशीत नको वाटतं.

तिसरी_शिट्टी: (शुक्रवार रात्र) इलेक्ट्रिशियन येऊन गेला. स्वयंपाकघराचा बोर्ड उघडला तर आत एका जोडाला टेप गुंडाळलेली. त्याने बोट लावताच टेपचा चुरा झाला, आणि खालची तार तपकिरी. याच बोर्डावर मी मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि गोल ओव्हन, तिन्ही चालवत होते. नवी लाइन टाकतोय, मंजूर भारही वाढवायला दिला. विजेचाच घेतेय, शेगडी गॅसचीच राहील.

सुताराला ५६ सांगितलं. त्याने प्लायवर पेन्सिलने ६० आधीच आखून ठेवलं होतं, कापलं नव्हतं तेवढं नशीब. गोल ओव्हन नणंदेने मागून घेतला, मधल्या नानकटाईच्या अटीसह.

आता एकच सांगा. रोडगे जाळीवर ठेवू की ट्रेवर?

वऱ्हाडी_ठेचा: जाळीवर. खाली रिकामा ट्रे ठेवा, थरातलं तेल गळते. आणि वांग्याची भाजी केली की पत्ता पाठवा.